जुनी शिडाची यॉट घेतोय: आतलं नेमकं काय बघायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे चौघे मित्र. दोघे डॉक्टर, एकाचं हार्डवेअरचं दुकान, आणि मी साखर कारखान्यातला इंजिनिअर. गोव्याला जाऊन-येऊन शीड चालवायला शिकलो आणि आता चौघांत मिळून एक जुनी क्रूझिंग यॉट घ्यायचं जवळपास पक्कं झालंय. हिवाळ्यात मालवण, देवगड, रत्नागिरी, जमलं तर कारवार, एवढीच आमची उडी. सांगलीपासून समुद्र किती लांब आहे हे आम्हाला माहीत आहे, त्यावर कृपया टोमणे नकोत.

गोव्यात दोन बोटी बघितल्या. दोन्ही फायबरग्लासच्या, युरोपात बांधलेल्या, ऐंशीच्या दशकातल्या, ३३ फुटांच्या आसपास. शिडं आणि इंजिन यांत उन्नीस-बीस. फरक आहे तो आत.

पहिलीला आम्ही 'नवरी' म्हणतो. पांढरंशुभ्र छत, नव्या गाद्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी दिसणारं नवं फ्लोअरिंग, एलईडी दिवे, टीव्ही, फ्रिज. मालक म्हणतो सात जण झोपतात.

दुसरी 'आजी'. एक परदेशी जोडपं बरीच वर्षं तिच्यात राहिलेलं. सागवानी विनियर काळवंडलंय, छताचं रेक्झिन जागोजागी सुटून लोंबतंय, गाद्या कळकट, आणि एक विशिष्ट वास. झोपायची सोय चौघांचीच. आत डिझेलवर चालणारा हीटर आहे! किंमत नवरीपेक्षा साधारण चौथ्या हिश्श्याने कमी.

तिघे नवरीच्या बाजूने आहेत. माझं मन ठरत नाहीये. आतल्या गोष्टींना किती महत्त्व द्यायचं, आणि बघायचं म्हणजे काय काय बघायचं?

तासगावी_बेदाणा
टोमणा नाही, शंका आहे. डोलकाठी सांगलीच्या आयर्विन पुलाखालनं जाईल का?

कृष्णाकाठ
आलास का तू! पूर येईल तेव्हा वरनं नेतो.

हळदीचं_पेव
भावा, डिझेलचा हीटर? मालवणात? मे महिन्यात लावून बस आत, वजन तरी कमी हुईल.

खारा_वारा
मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, आता साताऱ्यात गोडोलीला असतो. मोठ्या जहाजांबरोबरच मित्रांच्या शिडाच्या बोटींवरही बराच फिरलोय, त्यावरून सांगतो.

'सात जण झोपतात' या वाक्याला काडीची किंमत देऊ नका. ते धक्क्याला बांधलेल्या बोटीचं वाक्य आहे. बोट शिडावर चालायला लागली की पंधरा-वीस अंशांनी कलते, आणि मग झोपायच्या जागा मोजायचं गणित बदलतं. पुढच्या टोकाला जो तिकोनी डबल बेड असतो (फोटोत सगळ्यात छान दिसतो तोच) तिथे लाटांवर माणूस अक्षरशः हवेत उडतो. टेबल खाली करून त्यावर गादी टाकायची जी सोय असते, ती चालत्या बोटीत कोणी वापरत नाही, कारण मग जेवायला आणि नकाशा बघायला जागाच उरत नाही.

चालत्या बोटीत झोप लागते ती मध्यभागी, खाली, अरुंद बाकावर. दोन फूट रुंदी पुरते, जास्त असेल तर माणूस लोळतो. त्या बाकाच्या कडेला कापडी पडदा लागतो. तो गादीखाली पट्टीने घट्ट बसवलेला असतो आणि वर दोऱ्यांनी छताच्या कड्यांना बांधतात, म्हणजे बोट कलली तरी झोपलेला माणूस खाली येत नाही. आजीमध्ये गाद्या उचलून बघा, असे पडदे असतील. नवरीत ते काढून टाकलेले असतील अशी माझी पैज.

दुसरं, हाताला धरायला काय आहे ते बघा. जिन्यावरून खाली आल्यापासून पुढच्या टोकापर्यंत प्रत्येक पावलाला काहीतरी मजबूत पकडता आलं पाहिजे. छताला लावलेले लाकडी दांडे, खांब, ओट्याची कड, काहीही चालेल. त्याला लोंबकळून बघा. मालकाने तोंड वाकडं केलं तर करू दे.

शर्वरी_वाईकर
खारा वारा काकांना अनुमोदन. ग्रीसमध्ये मित्रमैत्रिणींबरोबर भाड्याच्या बोटीवर आठवडाभर होते, तिथला ओटा लांबलचक आणि सरळ होता. नांगरावर उभ्या असताना छान. चालत असताना चहा करायचा म्हणजे एका हाताने स्वतःला धरा, एका हाताने पातेलं धरा, आणि साखर तिसऱ्या हाताने.

ओटा यू किंवा एल आकाराचा बघा, त्यात कंबर टेकवून उभं राहता येतं. शेगडी झोपाळ्यासारखी दोन खिळ्यांवर टांगलेली असते, बोट कलली तरी ती सपाट राहते. ती दोन्ही बाजूंना मोकळी हलते का, मागे भिंतीला आपटते का, हे हाताने हलवून बघा. भांडी जागेवर धरायला वर चिमटे असतात ते आहेत का? शेगडीसमोर आडवी दांडी हवी, नाहीतर तोल गेला की माणूस थेट जाळावर.

नवरीत शेगडी कुठली आहे?

कृष्णाकाठ
शर्वरीताई, नवरीत काचेचा टॉप असलेली दोन बर्नरची, ओट्यात फिक्स बसवलेली. दिसायला फार देखणी.

शर्वरी_वाईकर
मग संपलं. ती घरची शेगडी आहे.

रोखठोक_कराड
धागा विनाकारण स्वयंपाकघरात शिरलाय. बोट घेताना बघायचं ते हल (बोटीचं बाहेरचं अंग), कील (तळाखालचा जड पंखा), शिडं, दोरखंड, इंजिन. आतलं सगळं सुतार आणि गादीवाला दोन महिन्यांत करून देतो. कपाटं आणि पडदे बायकांवर सोपवा आणि बोट बघा.

शर्वरी_वाईकर
रोखठोकभाऊ, गेल्या वेळी बायकांवर सोपवलं तेव्हा त्यांनी ५५ फुटी तारिणी घेऊन पृथ्वीला फेरी मारली होती, २०१७-१८ मध्ये. सहाही बायकाच होत्या. नंतर २०२४-२५ मध्ये दोघीच गेल्या. तेव्हा सोपवाच.

तासगावी_बेदाणा
🍿

रोखठोक_कराड
ताई, तारिणी नौदलाची. तिथे पडदे कोणी बघत नाही. माझा मुद्दा खर्चाचा होता. पण 'बायकांवर' हा शब्द मागे घेतो.

खारा_वारा
रोखठोक, खर्चाचाच मुद्दा घेऊ. आतलं बघायचं ते शोभेसाठी नाही. बोटीचा सांगाडा आतूनच वाचता येतो. पत्रिका आतच लिहिलेली असते, फक्त उलगडता आली पाहिजे. फरशीच्या फळ्या उचलल्या की कीलचे बोल्ट दिसतात. कपाटाचं मागचं पान काढलं की डोलकाठीला तोलणाऱ्या तारा जिथे डेकमधून खाली येऊन भिंतीला बोल्ट केलेल्या असतात ती जागा दिसते. पाणी शिरतं ते तिथूनच.

कृष्णाकाठ, नवरीचं नवं फ्लोअरिंग उचलता येतं का? हा प्रश्न मी इतर सगळ्याच्या आधी विचारीन.

मिरजेचा_भोपळा
घरात पिढ्यान्पिढ्या सतारी-तंबोऱ्यांचं काम. बोटीतलं ओ की ठो कळत नाही, पण लाकूड आणि दमटपणा कळतो.

सागाच्या विनियरवर बोल्टच्या आजूबाजूला काळा डाग असेल तर तिथे पाणी आलेलंच आहे. लोखंड, पाणी आणि सागातलं टॅनिन एकत्र आलं की काळं होतं. ऑक्झॅलिक ॲसिडने तो डाग जातो, पण पाण्याची वाट तशीच राहते. म्हणून ज्याने सगळं पांढरं रंगवून टाकलंय त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे डाग दिसतायत तो विक्रेता मला बरा वाटतो. डाग म्हणजे पुरावा.

दुसरं, ठोकून ऐका. तबली (सतारीच्या भोपळ्यावरची पातळ फळी) तयार करताना आम्ही बोटाने टकटक करत जाडी ठरवतो. तसंच भिंतीचं प्लाय स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, वरून खाली. खणखणीत आवाज येता येता मध्येच बद्द आवाज आला की आतले थर सुटलेत. बोटीत मोबाईल आणि गप्पा बंद ठेवून हे करा, कान लागतो.

आणि पॉलिश. चपड्याचं पॉलिश बोटीत चालणार नाही, ओल लागली की पांढरं पडतं. पॉलियुरेथेन लावा.

गावभाग_सांगली
भोपळासाहेब, क्या बात! २०१९ च्या पुरानंतर आमच्या गावभागात प्रत्येकाला प्लायवूडचं शिक्षण फुकटात मिळालंय. पाणी उतरल्यावर घरात शिरलो तर साध्या पार्टिकल बोर्डची कपाटं शिऱ्यासारखी हातात आली, आणि ओट्याखालचं मरीन प्लाय फक्त कडेला फुगलेलं. ७१० आयएस नंबरचं होतं. गाद्या मात्र सगळ्या गेल्या. फोम एकदा चिखलाचं पाणी प्याला की परत माणसात येत नाही.

बोटवाल्यांनी दुरुस्तीला प्लाय घेताना शिक्का बघा, हार्डवेअरवाला मित्र आहेच तुमच्यात. आणि कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद करा, पाणी कडेनंच शिरतं.

देवगड_धक्का
कोकणातून लिहितोय. वरच्या चर्चेत एक गोष्ट आलीच नाही, उकाडा.

या बोटी थंड देशासाठी बांधलेल्या. खिडक्या लहान, उघडत नाहीत, हॅच (छतातली उघडणारी झडप) मोजून दोन, आणि आत हीटर. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये अशा बोटीत दुपारी बसून दाखवा. जिन्याच्या मागे, कॉकपिटच्या (सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेच्या) खाली जी बोगद्यासारखी झोपायची जागा असते ती समुद्रात चालताना उत्तम, पण नांगरावर भट्टी. उलट, काका म्हणतात तो पुढचा तिकोनी बेड चालताना निरुपयोगी, पण नांगर टाकला की बोट वाऱ्याला तोंड करून उभी राहते, पुढची हॅच उघडली की सगळा वारा तिथेच. म्हणजे एकच माणूस रात्री कुठे झोपणार हे बोट चालतेय की थांबलेय यावर ठरतं. चौघांसाठी बोट घेताय तर दोन्ही प्रकारच्या चार-चार जागा मोजा.

उघडणाऱ्या हॅच मोजा. पंखे कुठे लावता येतील ते बघा. हॅचवर बांधायचं कापडी वाराधरं कोणताही ताडपत्रीवाला शिवून देतो. कॉकपिटवर सावली हवीच.

आणि एक, खारं पाणी प्यालेली गादी कधीच पूर्ण वाळत नाही. मीठ हवेतली ओल ओढत राहतं. आजीच्या गाद्या कळकट आहेत म्हणून नव्हे, त्या हाताला चिकट लागतात का ते बघा. लागत असतील तर खोळी आणि फोम दोन्ही गेले असं धरून चाला. नव्या करताना गादीखालच्या फळीला भोकं पाडून घ्या, खालून हवा खेळली पाहिजे.

हळदीचं_पेव
म्हंजे हीटर काढून तिथं पंखा. मी पयल्याच झटक्यात सांगितलं हुतं.

देवगड_धक्का
बरोबर आहे पेवभाऊ. पण हीटर काढला तर त्याच्या धुराड्याचं बोटीच्या अंगातलं भोक नीट बंद करा. नुसतं बूच मारून चालत नाही.

अजिंक्यतारा
अवांतर: साताऱ्यात बसून आरमाराची काळजी वाहायची परंपरा जुनीच आहे. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पाठवून कान्होजी आंग्र्यांना आपल्याकडे वळवलं आणि त्यांची सरखेली (आरमाराचं प्रमुखपद) कायम केली. गादी साताऱ्यात, गलबतं कुलाब्यात. सांगलीकरांनी घाबरू नये.

तासगावी_बेदाणा
फरक एवढाच की कान्होजींनी सात जण झोपतात का हे विचारलं नसावं.

अजिंक्यतारा
आणि बोट गोव्यातलीच घेताय हेही चांगलं. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या म्हादेईवरून एकटे जगाला फेरी मारून आले, ती गोव्यातच, दिवाडी बेटावर बांधलेली. ५६ फूट. तिथे बोटीचं काम जाणणारे कारागीर मिळतील. सांगलीहून सुतार नेऊ नका.

मिरजेचा_भोपळा
मिरजेहून न्या :)

कुपवाड_वायरमन
मूळ विषयावर. वीज कोणीच बोललं नाही.

नवरीत टीव्ही, फ्रिज, एलईडी. बॅटरी किती अँपिअर-तासाची? इंजिन चालू करायची वेगळी आणि घरगुती वापराची वेगळी आहे का? एकच असेल तर रात्री फ्रिज चालवून सकाळी इंजिन चालू होणार नाही, मग बसा वाऱ्याची वाट बघत.

हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४-५ अँपिअर घेतो. आपल्या उकाड्यात तो निम्म्याहून जास्त वेळ चालणार. म्हणजे दिवसाला ६० च्या आसपास अँपिअर-तास नुसत्या फ्रिजचे. साधी लेड-ॲसिड २०० ची बॅटरी असेल तर टिकवायची असल्यास निम्मीच वापरायची, म्हणजे हातात १००. दिवे, पंखे, जीपीएस, रेडिओ, फोन धरून यात तुमचा जेमतेम एक दिवस निघतो. २०० वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात फ्रिजचा खर्च भरून काढतं, बाकीचं काढायला आणखी हवं. फ्रिजच्या पेटीचं इन्सुलेशन चार इंच असेल तर सगळं गणित सुधारतं. झाकण वरून उघडणारं असेल तर अजून बरं, थंड हवा सांडत नाही.

पॅनेलच्या मागे डोकं घाला. रंगाप्रमाणे, नंबर लावलेल्या, कथिल चढवलेल्या तारा असतील तर शाब्बास. घरच्या वायरिंगची तांब्याची उघडी तार आणि वर इन्सुलेशन टेप दिसली तर सगळं वायरिंग नव्याने करायचं धरा. खारी हवा तांबं आतून हिरवं करते.

नुसती_वाचक
मी वाचनमात्र असते, पण गॅसचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात गळला तर खिडकी उघडतो, बोटीत तो खाली फरशीच्या पोकळीत जाऊन साचतो आणि तिथेच राहतो. सिलिंडर कुठे ठेवलाय?

खारा_वारा
ताई, मनापासून आभार, हे राहिलंच होतं. सिलिंडर आतल्या कपाटात असेल तर बोट तिथल्या तिथे सोडून या, नाहीतर तो आधी बाहेर काढायच्या अटीवर बोला. त्याला डेकवरून उघडणारा वेगळा, आतून पूर्ण बंद कप्पा हवा, आणि त्या कप्प्याच्या तळातून थेट बोटीबाहेर जाणारी नळी, म्हणजे गळलेला गॅस समुद्रात जाईल. युरोपातले छोटे सिलिंडर आपल्याकडे भरून मिळणं अवघड. आपला ५ किलोचा त्या कप्प्यात उभा बसतो का हे टेप लावून बघा. शेगडीपर्यंतची रबरी नळी तर घरातही दर पाच वर्षांनी बदलायला सांगतात, बोटीत ती सतत हलत असते.

रोखठोक_कराड
हे पटलं. आणि संडास?

तासगावी_बेदाणा
अखेर मुद्द्यावर आलो.

खारा_वारा
हसण्यावारी नेऊ नका, धक्क्याला बांधलेल्या बोटी बुडतात त्या बऱ्याचदा संडासातून.

बोटीच्या संडासाला समुद्राचं पाणी आत यायला एक भोक आणि घाण बाहेर जायला दुसरं, दोन्ही पाण्याच्या पातळीखाली. भांड्याची कड बहुतेक वेळा पातळीच्या खालीच असते. नळीला पातळीच्या बऱ्याच वर नेऊन उलटा यू आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह नसेल, तर पंप करून झाल्यावर सायफन लागतो आणि पाणी आपोआप आत येत राहतं. कोणी नसताना. म्हणून हा उलटा यू डोळ्यांनी बघा, आणि दोन्ही सीकॉक (बोटीच्या अंगातली भोकं बंद करायचे नळ) हाताने पूर्ण बंद-उघड करून बघा. जाम असतील तर ते नसल्यासारखेच. पितळेचा सीकॉक कोपऱ्यावर खरवडून बघा, गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय, हातोडीच्या एका ठोक्याने तुटेल. ठोकू नका, नोंद करा. प्रत्येक सीकॉकला मऊ लाकडाचा निमुळता खुंटा दोरीने बांधलेला असावा, ऐनवेळी भोकात ठोकायला.

आता आजीचा वास. बोटीत वास तीन ठिकाणचा असतो: फरशीखालचं पाणी, डिझेल, नाहीतर संडासाची नळी. नळी जुनी झाली की वास तिच्या रबरातूनच पाझरतो, बाहेरून कितीही धुवा. चाचणी अशी: गरम पाण्यात बुडवलेलं फडकं नळीला घट्ट गुंडाळा, थोडं थांबा, काढा आणि हुंगा. फडक्याला वास आला तर नळी बदला. काम घाणेरडं आहे, पण स्वस्त आहे. सगळ्या बोटीची किंमत त्या वासामुळे पडलेली असेल तर तुमचं नशीब.

हळदीचं_पेव
डाक्टर दोघं हायतच की, हुंगायला त्यांनाच फुडं करा.

कृष्णाकाठ
मंडळी, काय लिहू! यादी घेऊन परवा गोव्याला जाऊन आलो. दोघे डॉक्टर बरोबर होते आणि हो, फडकं त्यांनीच हुंगलं.

नवरी: फ्लोअरिंग चिकटवलेलं आहे. सगळं. मध्ये एकच वीतभर झाकण, तिथून बोल्ट सोडाच, तळही धड दिसत नाही. मालक म्हणाला, 'कशाला उघडायचं, कोरडं आहे.' छताच्या नव्या पट्ट्या चिकटवलेल्या, डेकवरच्या एकाही बोल्टचं मागचं टोक दिसत नाही. सिलिंडर ओट्याखाली. झोपायचे कापडी पडदे नाहीत, काका पैज जिंकलात. आणि एक गंमत: संडासाचं दार नवं, सुंदर, पण लागत नाही. कडेला घासतं. मालक म्हणाला दमट हवेने फुगलंय.

आजी: फरशीच्या सगळ्या फळ्या हाताने उचलल्या जातात, प्रत्येकीला कडी. तळाला थोडं पाणी, चाखून बघितलं (डॉक्टर नको म्हणत होते), गोडं निघालं. बोल्टांवर वरवरचा गंज. गाद्यांखाली पडदे होते, हिरवे, हातशिलाईचे. गॅसचा कप्पा बाहेर, निचऱ्यासकट, आपला छोटा सिलिंडर थोड्या फरकाने बसतो. डावीकडच्या भिंतीला तारेच्या बोल्टखाली तळहाताएवढा काळा डाग, आणि ठोकल्यावर वरचा भाग बद्द. नळीचं फडकं... असो. नापास. पॅनेलच्या मागे प्रत्येक तारेला हाताने लिहिलेली चिठ्ठी. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्या बाईंनी पेन्सिलने लिहून ठेवलंय की कुठल्या कप्प्यात कुठलं सामान आणि कुठला सीकॉक कशाचा.

खारा_वारा
गोडं पाणी म्हणजे पाऊस, नाहीतर पाण्याची टाकी गळतेय. टाकी पूर्ण भरून रात्रभर ठेवा, सकाळी पातळी बघा. पातळी उतरली नाही तर पाऊस त्या काळ्या डागाच्या वाटेनेच आलाय.

नवरीच्या दाराचं मात्र हसून सोडू नका. अशा बऱ्याच बोटींत डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार खाली भिंतीवर किंवा खांबावर येतो. खालचा आधार कुजून खचला की डेक किंचित बसतो आणि शेजारचं दार अडायला लागतं. दमट हवाही असू शकते. पण खालचा आधार बघायला फरशी उघडावी लागेल, आणि ती चिकटवलेली आहे. समजलं ना?

रोखठोक_कराड
मी आतलं महत्त्वाचं नाही म्हणणारा माणूस. आता म्हणतो, नवरीला हात लावू नका.

मिरजेचा_भोपळा
तो काळा डाग किती खोल आहे हे कळायला बोल्ट काढून भोकात टोकदार सळई घाला. लाकूड कडक लागलं तर वरून सील करून भागेल. भुसा आला तर तेवढा प्लायचा तुकडा कापून नवीन बसवावा लागेल, आणि तो फायबरग्लासच्या पट्टीने बोटीच्या अंगाला परत जोडावा लागेल. हे काम मात्र बोटीच्याच माणसाकडून.

शर्वरी_वाईकर
लोंबणाऱ्या छतासाठी: जुन्या बोटींत फोम लावलेलं रेक्झिन थेट चिकटवलेलं असतं, फोमची पूड होते आणि कापड सुटतं. परत चिकटवू नका. सगळं खरवडून काढा आणि पातळ प्लायच्या पट्ट्यांवर नवीन रेक्झिन ताणून त्या स्क्रूने लावा. पुढे कधी डेकचा बोल्ट गळला तर चार स्क्रू काढले की झालं. मास्क लावा, ती पूड भयंकर असते.

देवगड_धक्का
आणि पावसाळ्याचं आत्ताच ठरवा. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, तेव्हा तुमचीही बोट धक्क्यावर किंवा जमिनीवर असणार. गाद्या, कागद, कपडे सगळं उतरवून सांगलीला न्या. कपाटांची दारं, फरशीच्या फळ्या उघड्या ठेवा, हवा फिरू दे. पुठ्ठ्याचा खोका कधीच आत नेऊ नका, झुरळांची अंडी त्यातूनच येतात.

कुपवाड_वायरमन
चिठ्ठ्या लावलेल्या तारा! त्या जोडप्याला माझा नमस्कार कळवा.

कृष्णाकाठ
तिघांपैकी दोघे आता आजीकडे आलेत. तिसऱ्याचं (हार्डवेअरवाला) म्हणणं, बायकोला फोटो नवरीचे दाखवलेत, आता काय सांगू? त्यांना पुढच्या खेपेला बरोबर नेणार आहोत.

आजीच्या मालकाला कळवलंय: भिंतीची दुरुस्ती, संडासाच्या नळ्या आणि सीकॉक, गाद्या, छत, एवढ्याचा खर्च किमतीतून वजा. त्याआधी बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून तपासणी, खर्च आमचा. फ्रिज सध्या नाही, बर्फाची पेटी आहे ती इन्सुलेशन वाढवून वापरू. हीटर निघणार, पेवभाऊ.

हळदीचं_पेव
हीटर मला द्या. महाबळेश्वरला मेहुणा हाय.

नुसती_वाचक
त्या वहिनींना नेल्यावर आधी ओट्यापाशी उभं करा, मग दोन्ही बोटींतल्या शेगड्या हलवून दाखवा.

खारा_वारा
सर्व्हेअर ठरला की तारीख सांगा. त्या दिवशी मी साताऱ्याहून येतो. फरशी उचलायला आणि टाकीची पातळी बघायला आणखी एक माणूस लागेलच.

कृष्णाकाठ
काका, याच. कोल्हापूरमार्गे जाऊ, गाडीत एक जागा रिकामी आहे.

तासगावी_बेदाणा
मालक म्हणेल सात जण बसतात.